हलक्या गोळीची पद्मिनी

पद्मिनी घोरपडेच्या रायफलीत तांदूळ घातला तो मी.

दसरा होता आणि आम्ही आयर्लंडातल्या तिच्या सिटीवेस्टच्या घरी जमलो होतो. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत शस्त्र म्हणावं असं दोघांकडेच आहे, तिच्याकडे आणि माझ्याकडे. बाकीचे लॅपटॉप पूजतात, मिक्सर पूजतात, टॅलाला राहणाऱ्या गौरवने तर गवत कापायचं यंत्र धुऊनपुसून आणलं होतं. मला थोडे मंत्र येतात आणि जे येत नाहीत ते मी मोठ्याने म्हणतो, म्हणून भटजीपण दरवर्षी माझ्याकडेच. बोल्ट काढलेली रायफल जेवणाच्या टेबलावर नव्या टॉवेलवर निजवली होती. मी तिला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता सढळ हाताने टाकल्या. पद्मिनीची मुलगी मुक्ता शेजारी उभी होती. तिने आपल्या आयरिश वळणाच्या इंग्रजीत विचारलं की तांदूळ आतही जायचे असतात का. देवाच्या कामात आत-बाहेर नसतं, असं मी तिला समजावलं.

पुढच्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर पद्मिनीने तीन गोळ्या झाडल्या. एरवी तिची तीन भोकं दोन युरोच्या नाण्याखाली झाकली जातात. त्या दिवशी ती बशीखालीही मावेनात.

मी दुर्बिणीतून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि फार दिवसांनी मला चहा गोड लागला.

हे नीट कळायला आधी पद्मिनी कळायला हवी. ती मूळची इचलकरंजीची. वडिलांचे चार यंत्रमाग होते. इथे ती वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात आहे. हृदयात घालायच्या बारीक नळ्या तिच्या हाताखालून जातात आणि तिने नापास केलेली नळी पास करून घ्यायची कुणाची छाती नाही. नवरा जयेश ब्युमॉन्टच्या इस्पितळात एक्स-रे काढतो. माणसाच्या आतलं मला दिसतं, असं तो पाहुण्यांना सांगतो, फक्त हिच्या आतलं दिसत नाही. खरं तर पद्मिनीच्या आत वेगळं काही नाहीच. जे आत आहे ते तोंडावर येतं. गणपतीच्या जेवणात यजमानीणबाईंनी "आमटी कशी झालीय" असं विचारलं की आम्ही सगळे "मस्त" म्हणतो. पद्मिनी "खारट" म्हणते, आणि पुन्हा वाढून घेते.

तिचे बेसनाचे लाडू सगळे एकाच मापाचे असतात. ती गाडी एका दमात मागे घेऊन लावते. तिच्या स्वयंपाकघरातला प्रेस, म्हणजे आपलं कपाट, उघडलं की डबे उंचीप्रमाणे उभे दिसतात, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे. असल्या बाईला नेमबाजी येणार हे मला आधीच कळायला हवं होतं. कळलं नाही, आणि रेंजवर तिला पहिल्यांदा मीच घेऊन गेलो. पालथं कसं पडायचं, श्वास अर्धा सोडून कसा थांबायचा, ट्रिगर ओढायचा नाही तर हळू दाबत न्यायचा, हे सगळं तिला मी शिकवलं. त्यानंतर सहा महिन्यांत मला तिच्याकडून शिकायची वेळ आली. शिकायला माझी हरकत नव्हती. ते लोकांना दिसत होतं, याला होती.

मी बरेच दिवस एका गोष्टीवर मन रमवलं. घोरपडे आहे ती, मी बायकोला म्हणायचो, रक्तातच असणार. माझी बायको मेधा हे पद्मिनीला सांगून मोकळी झाली. पद्मिनी म्हणाली की त्यांच्या घराण्यात नेम फक्त तिच्या आज्जीचा होता, तोही चपलेचा. माझा तेवढाही आधार गेला.

वर मेधाने पद्मिनीचा एक कागद आमच्या फ्रिजवर लावला. तीन भोकं, एकमेकांत गुंतलेली, तीन पानांच्या क्लोव्हरच्या गवतासारखी. खाली पद्मिनीची सही. रोज सकाळी चहाला दूध काढायचं तर आधी त्या तीन भोकांचं दर्शन घ्यावं लागायचं. मी एकदा त्यावर कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक लावलं. संध्याकाळपर्यंत वेळापत्रक खाली आणि भोकं वर होती.

आता रायफलींविषयी. माझी फिनलंडची आहे, नवी, कृत्रिम दस्त्याची, आणि तिच्यावरची दुर्बीण तिच्याहून महाग. पद्मिनीची जुनी, लाकडी दस्त्याची, विकलो परगण्यातल्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने गुडघे गेल्यावर विकलेली. दोन्हींना एकाच मापाचं काडतूस लागतं. हरणासाठी त्यात जड गोळी असते आणि जड गोळीने मी वाईट मारत नाही, हे मला इथे सांगून ठेवायचं आहे. जड गोळी समंजस असते. कुठल्याही नळीत जमवून घेते. हलकी गोळी लग्नाला आलेल्या व्याह्यांसारखी. कशाने बिनसेल सांगता येत नाही. वजनाने अडीच काजूंएवढी, पण सुटते ती भन्नाट, आणि नळी थोडी तापली, थोडी तेलकट असली, दस्त्याचा एखादा स्क्रू कमीजास्त आवळला गेला, की रुसून भलतीकडे जाते.

मग हलक्या गोळीच्या वाटेला जायचं कशाला? तर डोनलमुळे.

डोनल बर्न हा ब्लेसिंग्टनच्या पलीकडचा मेंढपाळ. इथे शिकारीच्या रायफलीचा परवाना हवा असेल तर कुणीतरी जमीनवाल्याने याला माझ्या रानात येऊ द्या असं म्हणावं लागतं. जमीन नाही तर परवाना नाही आणि परवाना नाही तर रायफल दुकानात परत. आम्हा दोघांसाठीही डोनलने शब्द टाकला होता. वसंतात त्याच्या मेंढ्या वितात आणि कोल्हे कोकरं उचलतात, म्हणून त्याला आम्ही हवे होतो. पण त्याच्या कुरणाच्या खालच्या अंगाला आता रस्ता झाला, रस्त्यापलीकडे घरं उठली. जड गोळी दगडावर आपटून कुठेही उडू शकते, हलकी लागते तिथेच फुटून संपते. तेव्हा माझ्या रानात हलकीच गोळी, असं डोनलने बजावलं. एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच्या बायकोने विम्यावाल्याशी बोलणं केलं आणि ठरलं की यंदापासून रानात एकच रायफल येईल.

कोणाची, ते तुम्ही ठरवा, डोनल म्हणाला. आम्हाला ठरवेना, म्हणून त्याने ठरवलं. नाताळ झाला की त्याच्याच बांधावर कागद लावायचे, हलक्या गोळीच्या तीन-तीन फैरी, ज्याची भोकं जवळ त्याचं रान. मी गुपचूप इतर शेतकऱ्यांना फोन करून पाहिले. विकलोतल्या प्रत्येक शेतकऱ्याला एक पुतण्या असतो आणि प्रत्येक पुतण्याकडे रायफल असते.

तर दसऱ्यानंतरची ती बशी मला का गोड लागली हे आता लक्षात येईल.

पद्मिनीच्या जागी मी असतो तर नवी दुर्बीण घेतली असती. मी प्रत्येक संकटात काहीतरी विकत घेतो. पद्मिनीने काही घेतलं नाही. ती एका वेळी एकच गोष्ट बदलते आणि मग थांबते. तिचं ते थांबणं बघवत नाही. तीन गोळ्या झाडायच्या, बोल्ट उघडा ठेवायचा, नळीला हाताची मागची बाजू लावून बघायची, मुलाचा ताप बघावा तशी, आणि ती गार होईपर्यंत बाकावर बसून चिवडा खायचा. चिवड्यातले शेंगदाणे शेवटी. तेवढ्या वेळात मी वीस गोळ्या उडवलेल्या असायच्या आणि माझ्या नळीवर पापड भाजला असता.

आधी तिने स्क्रू तपासले. बरोबर होते. मग दुर्बिणीच्या कड्या. बरोबर होत्या. मग काडतुसांचा दोष असेल म्हणून तिने दुसऱ्या खोक्यातली घेतली. हलक्या गोळीचं हे तिने फार आधी शोधून ठेवलं होतं. दुकानात हलक्या गोळ्यांची जेवढ्या जातींची खोकी होती त्यातलं प्रत्येकी एक आणायचं, जात बदलली की नळी साफ करायची, पहिल्या दोन गोळ्या हिशेबात न धरता नळी रुळू द्यायची, आणि मग बघायचं, आपल्या रायफलीला काय रुचतं. तिच्या लाकडी म्हातारीला सगळ्यांत स्वस्त खोकं रुचलं. मी तेच खोकं दुसऱ्या दिवशी आणलं. माझ्या फिनलंडच्या सुंदरीने त्या गोळ्या कागदाच्या चारही कोपऱ्यांत टाकल्या. मग मी सगळ्यांत महाग खोकं आणलं आणि तेच धरून बसलो, कारण एवढे पैसे देऊन ते चुकीचं असेल हे माझ्या मनाला पटत नव्हतं.

शिवाय मी माझी रायफल प्रत्येक वेळी घासूनपुसून, आतून तेल लावून नेतो. आपल्याकडे शस्त्र कसं, लख्ख हवं. पद्मिनीने मला दोनदा सांगितलं होतं की तेलकट नळीतून पहिली गोळी वेगळीच जाते, घासणं कमी करा. मी ते मनावर घेतलं नाही. हे ती शिकवणार मला?

तर दिवाळी गेली तरी तिच्या बशीचं नाणं होईना. मी रोज विचारपूस करायचो. मेधा म्हणाली, एवढ्या काळजीने तू माझा गुडघाही विचारला नव्हतास.

शेवटी एका शनिवारी पद्मिनीने चिवड्याचा कागद घेतला, त्याची अरुंद पट्टी फाडली आणि नळी व लाकूड यांच्यामधल्या फटीत सरकवली. तिथे नळी कुठेही टेकता कामा नये. गोळी सुटताना नळी थरथरते, तिला मोकळी जागा लागते. पट्टी सरसर गेली आणि मध्येच अडली. पद्मिनीने पुन्हा सरकवली, पुन्हा तिथेच अडली. मग तिने दोन स्क्रू काढून दस्ता वेगळा केला. लाकडाच्या खोबणीत कुंकवाने चिकटलेला, लालभडक, तांदळाचा एक दाणा बसला होता.

तिने तो नखाने काढला, तळहातावर घेतला आणि माझ्यापुढे धरला. आजूबाजूचे आयरिश लोक वाकून बघायला लागले. तांदूळ का, असं एकाने विचारलं. मी धर्म समजावून सांगितला, त्याने ग्रँड, म्हणजे छान छान, म्हणून मान डोलावली आणि तो आपल्या बाकावर लांब जाऊन बसला.

"पद्मिनी," मी म्हणालो, "आईशपथ, मी मुद्दाम नाही केलं."

"मला माहिताय," ती म्हणाली. "मुद्दाम करायला नेम लागतो."

त्या दुपारी तिची भोकं पुन्हा नाण्याखाली आली. मी घरी येऊन फ्रिज उघडला नाही. काळा चहा घेतला, आणि पुढे रोज तोच घेत राहिलो.

जानेवारीत पाऊस नसलेल्या एका सकाळी आम्ही डोनलच्या रानात गेलो. रात्रभर धुकं होतं, गवत ओलं, मेंढ्या कुंपणाला टेकून आमच्याकडे बघत होत्या. चढावाच्या पोटात, मागे भरभक्कम माती राहील अशा जागी, डोनलने एका फळीवर दोन कागद शेजारी शेजारी ठोकले होते. डावा पद्मिनीचा, उजवा माझा. जयेश थर्मास घेऊन गाडीपाशी उभा होता. डोनल आमच्या मागे दुर्बीण घेऊन. तीन-तीन गोळ्या, घाई नाही, तो म्हणाला, आणि आम्ही शेजारी शेजारी पालथे पडलो.

माझी पहिली गोळी बरी गेली, मधल्या काळ्या ठिपक्याच्या जरा वर. नळी तेलकट होती, मला माहीत होतं. दुसरी तिच्यापासून वीतभर खाली गेली. आता तिसरी त्या दोघींच्या मध्ये पडली तर निदान लाज राहील, असा मी हिशेब केला आणि तेवढ्यात शेजारी पद्मिनीचा बार झाला. मी म्हटलं, नुसतं बघू. रायफलीसकट तिच्यावरची दुर्बीण जराशी डावीकडे सरकवली.

तिची दोन भोकं एकमेकांना चिकटून होती. मी बघत राहिलो. तिचा तिसरा बार झाला आणि तिसरं भोक त्या दोघांना येऊन टेकलं. तेच ते पान. आमच्या फ्रिजवरचं. मला रानाचा, परवान्याचा, डोनलचा विसर पडला, दुर्बिणीतली फुल्ली तिच्या भोकांच्या मधोमध होती, श्वास अर्धा सोडलेला होता, आणि बोट आपलं शिकवल्याप्रमाणे हळू दाबत गेलं.

बार झाल्यावर मला कळलं की मी कुठे बघत होतो.

आम्ही सगळे चालत कागदांपाशी गेलो. ती वाट फार लांब वाटली. माझ्या कागदावर दोन भोकं होती, वीतभर अंतराने. पद्मिनीच्या कागदावर चार. चौथं तिच्या तिघांच्या इतकं लगत होतं की एका नाण्याखाली चौघं बसली असती. आयुष्यातली माझी सगळ्यांत सुंदर गोळी मी तिला देऊन टाकली होती.

डोनलने टोपी मागे सारली. तो सभ्य माणूस आहे. माझ्या कागदाकडे बघत तो हळूच म्हणाला की कधीकधी दोन गोळ्या एकाच भोकातून जातात, ऐकलंय.

"तसंच झालं असणार," मी म्हणालो. हे बोललो ते मी नव्हे, माझा तो इतक्या दिवसांचा काळा चहा बोलला.

पद्मिनीने जाकिटाच्या खिशातून कारखान्यातली ती मापायची चिमट्यासारखी पट्टी काढली, जी ती घरी लाडवांनाही लावत असेल असा माझा संशय आहे, आणि माझ्या कागदापाशी जाऊन भोक एका गोळीचं की दोन गोळ्यांचं ते मोजायला वाकली.

"राहू दे," मी म्हणालो. मग डोनलला सांगितलं की ते चौथं माझं आहे.

डोनलने चारही भोकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचार करून म्हणाला की गोळी तर छानच मारलीस. रान अर्थातच पद्मिनीला गेलं. जयेशने चहा ओतला. मला आधी दिला, जसा घरच्या आजाऱ्याला देतात. मेंढ्या पांगल्या.

परवान्याची मुदत फेब्रुवारीत संपली. माझी फिनलंडची सुंदरी मी दुकानात परत दिली. दुकानदाराने तिच्या नळीत डोकावून इतकी स्वच्छ रायफल आपण पाहिली नाही म्हटलं. ते मी कौतुक म्हणून घरी सांगितलं. मेधाने फ्रिजवरचा जुना कागद काढून नवा लावला, चार भोकांचा. पद्मिनीने त्याखाली स्वतःची सही करून एका भोकाला बाण काढला होता आणि बाणापाशी लिहिलं होतं, राजीवदादा. मी दोन दिवस तो काढून टाकायच्या विचारात होतो. मग दुधाला हात घालता घालता त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघायला लागलो. मधलं भोक तिचं असेल, पण सगळ्यांत गोल भोक माझं आहे.

मार्च आला. डोनलच्या मेंढ्या व्यायला लागल्या आणि पद्मिनी रोज संध्याकाळी ब्लेसिंग्टनला जायला लागली. कोल्ह्याच्या कामाला दोन माणसं लागतात, एक रायफलीवर आणि एक मोठा दिवा धरायला. दिव्याच्या झोतात कोल्ह्याचे डोळे चमकले, तो नक्की कोल्हाच आहे आणि त्याच्या मागे माती आहे हे बघितलं, की मग बार. जयेश दोनदा गेला. दुसऱ्यांदा त्याला दिव्यासकट झोप लागली. मेधाने मला हे दोन वेळा सांगितलं आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघत राहिली.

बरेच दिवस मी गेलो नाही. ज्या रानात माझी रायफल असायची त्या रानात मी तिच्या रायफलीसाठी दिवा धरायचा, या कल्पनेने मला पुन्हा काळ्या चहाची आठवण व्हायची. मग एका शुक्रवारी पद्मिनी डोनलकडून अंडी घेऊन आली, आमच्या दारातच उभी राहिली, बुटांना चिखल होता म्हणून आत आली नाही. आदल्या दिवशी कोल्ह्याने दोन कोकरं नेली होती आणि दिवा एका हातात, रायफल एका हातात, असं तिला जमलं नव्हतं. हे तिने सांगितलं ते अंड्यांचा भाव सांगावा तसं.

मी अंडी घेतली, मोजली नाहीत, आणि तिच्या बुटांकडे बघत विचारलं, "मी येऊ का, दिवा धरायला?"

"या," पद्मिनी म्हणाली, "पण दिवा कोल्ह्यावर धरायचा, माझ्यावर नाही."